सर जर्व्हेस यांच्या घरचा

"माझ्या अंगात सरदाराचं रक्त आहे!"

रविवारी दुपारी, भाजलेल्या मांसाचा पहिला तुकडा काट्याला टोचून हवेत उंच धरत सिरिल ऑटवेने जाहीर केलं.

"रक्त नाही ते, रस्सा आहे. शर्टावर सांडलायस," त्याची बायको डोरीन म्हणाली आणि तिने ओलं फडकं पुढे केलं.

डोरीनची थोरली बहीण बेरिल समोरच बसली होती. ती दर रविवारी जेवायला येई. पण जेवण हे निमित्त. खरी येई ती सिरिलची खोडी काढायला. "सरदार?" ती म्हणाली. "कसला? चौदा नंबरच्या बसचा?"

हा घाव वर्मी होता. सिरिलने बसगाड्यांवर तिकीट तपासनीस म्हणून एक्केचाळीस वर्षं काढली होती. एक्केचाळीस वर्षं उभ्यानेच! त्यामुळे निवृत्त झाल्यावर त्याला बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं हेच कळेना. सकाळी उठल्यापासून त्याच्या फेऱ्या सुरू. स्वयंपाकघर ते फाटक, फाटक ते स्वयंपाकघर. शेजाऱ्यांच्या दुधाच्या बाटल्या मोजून ये, कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन "दोन मिनिटं उशीर!" म्हणून ड्रायव्हरवर ओरडून ये. वर्षभरात दिवाणखान्याच्या गालिच्यावर पायवाट पडली. माणूस कसला, पिंजऱ्यातला लांडगा! फरक इतकाच की लांडगा दर वीस मिनिटांनी चहा मागत नाही.

त्यात निरोपसमारंभात कंपनीने दिलेलं ते घड्याळ. त्यावर 'ऑटवे'ऐवजी 'ऑटर' कोरलं होतं. ऑटर म्हणजे पाणमांजर! एक्केचाळीस वर्षं चाकरी करून शेवटी पाणमांजर! वर्षभर सिरिल ते घड्याळ बघून चरफडला आणि मग एके सकाळी तो जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात जाऊन उभा राहिला. ऑटवे म्हणजे कोण, हे एकदा जगाला दाखवून द्यायचंच!

दफ्तरखान्याच्या वाचनखोलीवर मिस फ्रॉगॅट यांचं राज्य होतं. काडीसारखी बारीक बाई, कानामागे पेन्सिल, आणि त्यांच्या खोलीत खोकायचं झालं तरी परवानगी लागे. तिथेही सिरिल टेबलांमधून येरझारा घालू लागला. तिसऱ्या दिवशी मिस फ्रॉगॅट यांनी त्याला दाराजवळची खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "मिस्टर ऑटवे, फिरायचंच असेल तर बाहेर बाग आहे. कागद कुठे पळून जात नाहीत."

पाच महिन्यांनी घबाड हाती लागलं. चर्चची जुनी नोंदवही, साल सोळाशे त्रेपन्न, एका पोराचा बाप्तिस्मा. बापाचं नाव: 'थॉमस ऑटवे, सर जर्व्हेस डॅव्हेनिश यांच्या घरचा.'

"घरचा!" सिरिल किंचाळला. आसपासच्या सहा म्हाताऱ्यांची सहा भिंगं टेबलावर आपटली. "घरचा म्हणजे घरातलाच! मुलगा, नाहीतर पुतण्या!"

"'घरचा' या शब्दाचे पुष्कळ अर्थ होतात," मिस फ्रॉगॅट दबक्या आवाजात म्हणाल्या. "डॅव्हेनिश घराण्याच्या पत्रांची पेटी अजून चाळायची आहे. जरा थांबा."

थांबा! सिरिलला! ते शब्द बाईंच्या तोंडातून पुरते बाहेर पडेपर्यंत हा बसथांब्यावर पोहोचलासुद्धा होता.

सर जर्व्हेस डॅव्हेनिश हे नाव त्या टापूत शाळकरी पोरांनाही ठाऊक. वूस्टरच्या लढाईत राजाची बाजू हरली, राजाविरुद्ध उठलेल्या क्रॉमवेलचे शिपाई घराघरांत शिरून राजाच्या माणसांना हुडकू लागले. तेव्हा सर जर्व्हेस आपल्याच ऑल्डरकोट हॉलमध्ये, जिन्याखालच्या चोरखोलीत आठ दिवस लपून बसले. आठ दिवस एका सफरचंदावर आणि भिंतीतून झिरपणाऱ्या पाण्यावर! बाहेर आले तेव्हा हाडांचा सापळा झाला होता आणि डाव्या पायाची दोन बोटं कामातून गेली होती.

"माझ्या पूर्वजाची दोन बोटं!" सिरिल घरी येऊन सद्गदित होऊन म्हणाला.

आणि मग डोरीनच्या हालांना सुरुवात झाली. पूर्वजांनी सोसलं ते आपणही थोडं सोसावं, अशी सिरिलने टूम काढली. मार्च महिन्यात घरातली शेगडी बंद! रात्री दिव्याऐवजी मेणबत्ती! न्याहारीला अंडं बंद, वाटाण्याची पेज सुरू! डोरीन दोन कोट घालून स्वयंपाक करी आणि हातमोजे घालून विणकाम.

"आणि सर जर्व्हेसच्या बायकोने काय केलं म्हणे तेव्हा?" तिने एकदा दात वाजवत विचारलं.

"तिचा कुठे उल्लेख नाही."

"कसा असेल? माहेरी निघून गेली असेल बिचारी."

ऑल्डरकोट हॉल शेजारच्याच गावात. तिथे आता लेडी हॉनर डॅव्हेनिश राहत. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, कान मात्र ठार. दर सप्टेंबरात त्या सगळ्या डॅव्हेनिश गोतावळ्याला बोलावून सर जर्व्हेस यांच्या हालअपेष्टांचं स्मरण करीत आणि मग सगळे पोटभर जेवत. सिरिलने त्यांना सात पानी पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: 'नवे नातलग अवश्य यावेत. जुने फार भराभर मरताहेत.'

झालं! सिरिलचे पाय जमिनीला लागेनात. त्याने भाषण लिहिलं, 'माझे थोर पूर्वज आणि त्यांनी सोसलेले हाल'. पण नुसतं भाषण त्याला पुरेना.

"मी स्वतः त्या चोरखोलीत बसणार," त्याने जाहीर केलं. "आठ दिवसांचे आठ तास! सकाळी सात ते दुपारी तीन. अन्न नाही, पाणी नाही, घड्याळसुद्धा नाही! तीन वाजता पाहुणे जमले की मी आतून तीनदा ठोकणार, तू खिटी फिरवायचीस आणि मी बाहेर! हातात भाषण! नाव काय घेतील लोक!"

"तू? आठ तास बसणार?" बेरिलने चहाचा कप खाली ठेवला. "अरे, लग्नात पाद्र्याने प्रार्थना जरा लांबवली तर तू चर्चभर फिरून खिडक्या तपासल्या होत्यास!"

सिरिलने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. "डोरीन, नीट ऐक. तीन ठोके. दोनला उघडायचं नाही, चारला उघडायचं नाही. आत माझी साधना चालू असेल, मध्येच दार उघडून विचका नको. तीन म्हणजे तीन!"

"तीन म्हणजे तीन," डोरीन म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एक गोष्ट कळली होती, की नवऱ्याच्या सूचना अक्षरशः पाळाव्यात. पुढचं तो आपण होऊन निस्तरतो.

लेडी हॉनरची परवानगी घ्यायला सिरिल स्वतः गेला. त्या तीनदा "हो, हो, हो" म्हणाल्या. त्यांनी काय ऐकलं ते देवाला ठाऊक.

ठरल्या शनिवारी सकाळी सातला डोरीनने जिन्याखालच्या फळीवरचं लाकडी गुलाबाचं फूल, म्हणजे तीच चोरखिटी, फिरवलं. फळी करकरत सरकली. आत कपाटाएवढी जागा, बसायला एक दगड, आणि फळीला बोटभर फट. सिरिल आत शिरला, घड्याळ तिच्या हातात दिलं, आणि म्हणाला, "इतिहास तुला विसरणार नाही."

"डबा देऊ का?" डोरीनने विचारलं. तिने गुपचूप दोन सँडविच बांधून आणली होती.

"सर जर्व्हेस यांनी सँडविच खाल्ली नव्हती!"

फळी बंद झाली. खिटी आतून उघडायची सोय नव्हती. सर जर्व्हेस यांच्यासारखंच, बाहेरून कुणी काढेल तेव्हाच बाहेर!

पहिली पाच मिनिटं फार उदात्त गेली. दहाव्या मिनिटाला सिरिलच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. तो उठायला गेला, डोकं छताला आपटलं. बसला, तर गुडघा भिंतीला. मग त्याने चौदा नंबरच्या मार्गावरचे सगळे थांबे म्हणून टाकले. सरळ म्हटले, उलटे म्हटले, रविवारचे वेगळे म्हटले. बिनतिकिटाच्या सहा काल्पनिक प्रवाशांना झापलं. एक कोळी खाली उतरला, त्याला तिकीट विचारलं. एवढं करून त्याला खात्री झाली की आता दुपारचे अडीच तरी झालेच असणार.

बाहेर सकाळचे आठ वाजायला पाच मिनिटं कमी होती.

त्याने तीन ठोके दिले. बाहेर चिटपाखरू नव्हतं. डोरीन केस सेट करायला गेली होती आणि लेडी हॉनर वरच्या मजल्यावर निवांत अंडं खात होत्या. त्याने पुन्हा तीन दिले. मग सहा. मग हिशोब सुटला. "डोरीन!" त्याने हाक मारली. "डोरीन! अगं ए डोरीन!" दहापर्यंत घसा बसला. अकरापर्यंत बोटांची साल निघाली. बारा वाजता स्वयंपाकघरातून भाजलेल्या हॅमचा वास त्या बोटभर फटीतून आत आला आणि सिरिलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सर जर्व्हेस यांचे हाल त्याला आता इतके पटले होते की त्याहून जास्त पटवून घ्यायची त्याची मुळीच इच्छा नव्हती.

अडीचला माणसांचे आवाज येऊ लागले. चाळीसएक डॅव्हेनिश जमले. डोरीन आली, बेरिल आली. आणि त्यांच्या पाठोपाठ, कानामागे पेन्सिल खोचून आणि छातीशी कागदांची घडी धरून, मिस फ्रॉगॅट आल्या! डॅव्हेनिश पत्रांची पेटी चाळून झाली होती. त्यांना म्हणे असं काही सापडलं होतं की टपालाने पाठवायला मन धजेना.

"खुद्द सर जर्व्हेस यांचं पत्र! आपल्या भावाला लिहिलेलं!" त्या लेडी हॉनरच्या कानाशी ओरडल्या.

"मग आधी तेच वाचा!" लेडी हॉनर हर्षभराने म्हणाल्या. "भाषणं नंतर."

इकडे माणसांची चाहूल लागताच सिरिलचा धीर सुटला. तो दोन्ही मुठींनी फळी बडवू लागला. धाड धाड धाड धाड धाड!

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वा! काय हुबेहूब! यंदा आवाजाचीही सोय केलीय!" एक मिशाळ डॅव्हेनिश म्हणाला.

"कोण दार वाजवतंय?" लेडी हॉनरना फरशीचा हादरा पायाला जाणवला. "आत या की!"

बेरिलने बहिणीला कोपराने ढोसलं. "डोरीन, तुझा नवरा ना गं तो? उघड की!"

"तीन ठोके म्हणालाय," डोरीन शांतपणे म्हणाली. "हे अकरा झाले. साधना चालू आहे त्याची."

मिस फ्रॉगॅट यांनी घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "'प्रिय बंधो, माझ्या हालांबद्दल तू विचारतोस. ऐक. क्रॉमवेलचे शिपाई सकाळी आले आणि त्याच दिवशी सायंकाळी निघून गेले.'"

दालनात कुजबूज झाली. त्याच दिवशी? मग आठ दिवस कसे?

धाड धाड, फळी वाजली.

"'घरचे सारे नोकर पळाले होते. चोरखिटीचं गुपित जाणणारा एकच मनुष्य मागे उरला होता. तो म्हणजे माझा कोठीवाला, थॉमस ऑटवे.'"

फळीचा आवाज एकदम थांबला.

"'शिपायांनी मला ठार केलं अशी त्या मूर्खाची समजूत झाली. मी आतून हाका मारू लागलो, तर माझं भूत भिंतीत शिरलं असं त्याला वाटलं! मी जितक्या मोठ्याने ओरडे, तितक्या मोठ्याने तो प्रार्थना म्हणे. दुसऱ्या दिवशी मी हॅम मागितलं. भुतं खात नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून माझ्या आत्म्याला शांती मिळावी यासाठी त्याने ते माझ्या नावाने स्वतः खाल्लं. असं त्याने आठ दिवसांत घरातलं सारं हॅम, दोन चीज आणि बिअरचं एक पिंप माझ्या आत्म्याला अर्पण केलं!'"

पहिलं हसू कुणाचं फुटलं कळलं नाही, पण सगळ्यात मोठं बेरिलचं होतं.

"'आठव्या दिवशी माझी पत्नी माहेराहून परतली आणि पहिल्याच हाकेला तिने मला बाहेर काढलं.'"

"बघ!" डोरीन बहिणीला म्हणाली. "माहेरीच गेली होती!"

"'थॉमसला मी हाकलणार होतो. पण खिटीचं गुपित त्याला माहीत. बाहेर जाऊन बडबडेल या भीतीने त्याला घरीच ठेवून घेतला आहे.'" मिस फ्रॉगॅट यांनी कागदाची घडी घातली आणि हळू आवाजात पुस्ती जोडली, "घरचा म्हणजे... घरचा नोकर. मी थांबायला सांगितलं होतं हो त्यांना."

आत सिरिल दगडासारखा बसला होता. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो हालचाल न करता बसला होता! सकाळपासून त्याला बाहेर यायचं होतं. आता त्याला जन्मभर तिथेच राहायचं होतं. हातातलं भाषण त्याला मणाचं वाटू लागलं. चाळीस डॅव्हेनिश बाहेर हसताहेत, बेरिल हसतेय. कंपनीचं घड्याळ बरं होतं की! पाणमांजर निदान कुणाचं हॅम तरी खात नाही! सगळे जेवायला जातील, मग डोरीनला हळूच खूण करू, मागच्या दाराने सटकू आणि दुसऱ्या गावी जाऊन राहू. त्याने श्वास रोखून धरला.

"आता आपले नवे पाहुणे, मिस्टर ऑटवे, बोलतील!" लेडी हॉनर म्हणाल्या. पत्र वाचलं जात असताना त्यांना निम्मंच ऐकू आलं होतं. "कुठे आहेत ते?"

आणि साडेतीनशे वर्षांची धूळ सिरिलच्या नाकात गेली.

"आँक्छी!"

त्याने दोन्ही हातांनी नाक दाबलं.

"आँक्छी!"

देवा, आता पुरे! त्याने भाषण तोंडात कोंबलं.

"आँक्छी!"

"तीन!" डोरीन म्हणाली आणि तिने गुलाबाचं फूल फिरवलं.

सिरिल पोत्यासारखा गालिच्यावर येऊन पडला. केसांत जळमटं, गुडघे सोललेले, आणि तोंडात 'माझे थोर पूर्वज'. चाळीस डॅव्हेनिश माना वाकवून त्याच्याकडे बघत होते.

लेडी हॉनर काठी टेकत पुढे आल्या. "तुम्ही ऑटवे?"

सिरिलने तोंडातून भाषण काढलं. "हो."

"त्या कोठीवाल्याचे?"

नाही म्हणता आलं असतं. ऑटवे नावाची माणसं पुष्कळ असतात. सिरिलने डोरीनकडे पाहिलं. तिच्या हातात सकाळची ती सँडविचची पुडी अजून होती. सहा महिने ही बाई आपल्या पूर्वजांपायी दोन कोट घालून भाज्या चिरत होती, आणि पूर्वज हा असा!

तो उठून उभा राहिला. टाचा जुळवल्या. आणि मग बस उशिरा आली की प्रवाशांसमोर उभं राहून जो सूर तो लावत असे, तोच आपोआप लागला.

"होय बाईसाहेब, त्याच कोठीवाल्याचा," तो बसक्या घशाने म्हणाला. "आणि आठ दिवसांच्या विलंबाबद्दल ऑटवे घराणं दिलगीर आहे. प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

नेमकं हेच वाक्य लेडी हॉनरना स्वच्छ ऐकू आलं! आधी त्यांचे खांदे हलले, मग काठी हलली, मग त्या हसता हसता खुर्चीतच बसल्या. "साडेतीनशे वर्षं!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "साडेतीनशे वर्षं आम्ही क्रॉमवेलला शिव्या देतोय, आणि माफी मागायला आला ऑटवे! अरे, द्या त्यांना काहीतरी खायला!"

दालन हास्याने दणाणलं. सिरिलच्या पाठीवर थापा पडल्या. जेवणाच्या टेबलावर मात्र तो हॅमच्या ताटाकडे सरकला, तसं मिशाळ डॅव्हेनिशने ते ताट गंभीर चेहऱ्याने उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. डोरीनने पुडी सोडली. सिरिलने दोन्ही सँडविच उभ्याउभ्याच संपवली.

"शेगडी आज रात्रीपासून सुरू," तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला.

"मी सकाळीच लावून आलेय," डोरीन म्हणाली.

पण गोष्ट इथे संपली नाही. पंधरा दिवसांनी लेडी हॉनरचं पत्र आलं, पुन्हा दोन ओळींचं. हॉल बघायला येणाऱ्या लोकांना सर जर्व्हेसपेक्षा आता थॉमसचीच गोष्ट हवी असते. तर दर शनिवारी येऊन थॉमस व्हाल का?

सिरिल झाला! ॲप्रन बांधून, हातात मडकं घेऊन तो कोठीतून जिन्याकडे आणि जिन्याकडून कोठीत अशा फेऱ्या मारू लागला. ओरडायला मोकळीक, धावायला मोकळीक, प्रार्थना म्हणायला मोकळीक! पोरं त्याच्यामागे पळायची. गालिच्यावरची पायवाट आता लेडी हॉनरच्या घरी पडू लागली आणि डोरीन सुखाने घरी विणकाम करू लागली. हॉलमध्ये गर्दी फार वाढली, तेव्हा चहा ओतायला म्हणून तीही येऊ लागली.

दोन महिन्यांत सिरिलचं मत पुरतं फिरलं. हाल सर जर्व्हेस यांचे नव्हेतच! थॉमसचे! एका शनिवारी पंचवीस पाहुण्यांपुढे त्याने मडकं आपटून आवाज चढवला.

"थोर लोकांचे हाल लिहून ठेवतात हो, गरिबाचे कोण लिहिणार? सर जर्व्हेस नुसते बसून होते! पण माझ्या थॉमसचा विचार करा! आठ दिवस! आठ दिवस आणि आठ रात्री एकच आवाज कानाशी! हे आण, ते दे, इतका उशीर का, कुठे मेलास! पळून जायची सोय नाही, उलट बोलायची सोय नाही! अशी कटकट मुकाट्याने सोसणारं माणूस या अख्ख्या इंग्लंडात दुसरं झालंय का? सांगा, झालंय का?"

मागे चहाच्या टेबलाशी किटलीचं झाकण वाजलं.

"झालंय!" डोरीन म्हणाली. "आणि माझ्या वेळी मध्ये भिंतसुद्धा नव्हती!"